प्रकाशाच्या मापासही शिक्का हवा

शेतकऱ्याच्या व्यवहारांत मापाच्या खरेपणाइतकी मोलाची वस्तु दुसरी नाहीं. पाऊस वेळेवर पडला, पीक भरघोस आलें आणि भावही चढा मिळाला, तरी ज्या काट्यावर माल चढावयाचा तो काटाच खोटा असेल तर वर्षाचे श्रम त्या एका घटकेंत उणे होतात. म्हणूनच मापाच्या खरेपणाची जबाबदारी घेणाऱ्यावरही नाहीं आणि देणाऱ्यावरही नाहीं, तर तिऱ्हाइतावर सोंपविण्याची रीत सर्व सुधारलेल्या देशांत पडली आहे. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानें शेर-पायली जाऊन किलो-लिटर आले, आणि पुढें २००९ च्या वैध मापन अधिनियमानें वजनेंमापें पडताळून त्यांवर शिक्का मारण्याची व्यवस्था चालू ठेवली. निरक्षर शेतकरीही काट्यावरील शिक्का पाहून निश्चिंत होतो, कारण त्या शिक्क्याचा अर्थ त्याला ठाऊक आहे. हें वजन दुसऱ्या एका खऱ्या वजनाशीं ताडून पाहिलेलें आहे, हाच तो अर्थ होय.

हल्लीं मात्र शेतकऱ्याचें हित ज्यावर अवलंबून आहे असें एक नवें माप व्यवहारांत आलें आहे, व त्याच्या शिक्क्याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. हें माप प्रकाशाचें होय. मातींत पालाश किती, गव्हांत प्रथिनें किती, उभें पीक जोमांत आहे कीं सुकत चाललें आहे, या प्रश्नांचीं उत्तरें आतां प्रकाशाची फोड करून पाहणारीं यंत्रें देतात. अशा यंत्रास वर्णपटमापक म्हणतात. त्याचा आंकडा छापील असतो, दशांश चिन्हापुढें दोन अंक घेऊन येतो, आणि म्हणून तो वादातीत वाटतो. आमचें म्हणणें असें कीं, ज्या प्रकाशमापक यंत्राच्या आंकड्यावरून शेतकऱ्यास पैसा मिळतो किंवा त्याचा पैसा खर्च होतो, तें यंत्र ओळखीच्या प्रमाणाशीं केव्हां व कशानें ताडलें हें त्या आंकड्याच्या शेजारींच लिहिलेलें असलें पाहिजे. तसें नसेल तर तो आंकडा शिक्का नसलेल्या काट्यावरच्या वजनाइतकाच समजावा. हें म्हणणें पटण्यास यंत्राची रचना थोडी समजून घेणें अवश्य आहे, व तेवढे श्रम वाचकांनीं घ्यावे अशी विनंति आहे.

प्रकाश कोठें कोठें मोजला जातो

मातीच्या तपासणीपासून आरंभ करूं. मृद आरोग्य पत्रिकेची योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजीं राजस्थानांतील सूरतगड येथें सुरू झाली, व तींत मातीचे १२ गुणधर्म तपासावयाचे ठरले. त्यांपैकीं पालाश मोजण्याची रूढ रीत अशी: मातीचा अर्क ज्योतींत फवारावयाचा आणि पालाशाच्या अणूंनीं दिलेला ७६६.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा गडद तांबडा प्रकाश किती तेजस्वी आहे तें पाहावयाचें. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. स्फुरद मोजतांना अर्कास निळा रंग आणतात व तो रंग किती प्रकाश शोषून घेतो तें पाहतात. जस्त मोजण्यास २१३.९ नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा जंबुपार प्रकाश वापरला जातो. म्हणजे खताच्या शिफारशीचा बराचसा भाग प्रकाशाच्या मापावरच उभा आहे.

दुसरें ठिकाण धान्याचें. अमेरिकेंत मेरीलँड संस्थानांतील बेल्ट्सव्हिल येथें तेथील शेतकी खात्याचें मोठें संशोधन केंद्र आहे. तेथें कार्ल नॉरिस या अभियंत्यानें १९६० च्या दशकांत असें दाखविलें कीं, धान्यावर अवरक्त प्रकाश टाकून त्याचें काय होतें तें मोजलें असतां धान्यांतील ओलाव्याचा अंदाज मिळतो. पुढें प्रथिनें व तेल हींही याच रीतीनें मोजूं लागले, आणि १९७० च्या दशकांत कॅनडा व अमेरिका या दोन्ही देशांनीं गव्हांतील प्रथिनें ठरविण्यास ही रीत सरकारी तपासणींत घेतली. ओलाव्याचा एखादा टक्का म्हणजे काय, हें सोयाबीन पिकविणाऱ्यास सांगावयास नको. २०२४ च्या खरिपांत हमीभावाच्या खरेदीसाठीं ओलाव्याची मर्यादा १२ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर नेण्यांत आली, तेव्हां त्या तीन टक्क्यांवर किती घरांचा हिशेब अडला होता हें सर्वांनीं पाहिलें. खरेदीकेंद्रांवरील ओलावामापक बहुतांशीं विजेच्या गुणधर्मावर चालतात, प्रकाशावर नव्हे. पण प्रकाशावर चालणारीं यंत्रेंही त्यांच्या शेजारीं येऊन बसत आहेत, आणि न्याय दोहोंस एकच लागतो.

तिसरें ठिकाण आकाशांत आहे. १९७२ सालीं अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह व १७ मार्च १९८८ रोजीं भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह वर गेला, आणि शेतावरून परतणारा प्रकाश आकाशांतून मोजतां येऊं लागला. २०१६ सालीं प्रधानमंत्री पीक विमा योजना आली. २०२३ च्या खरिपापासून तींत भात व गहू या पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज करतांना उपग्रहादि साधनांनीं काढलेल्या आंकड्यास किमान ३० टक्के वजन द्यावें असें ठरलें. विम्याची भरपाई मिळणें न मिळणें याचा कांहीं अंश अशा रीतीनें प्रकाशाच्या मापावर येऊन ठेपला.

यंत्राचा डोळा पक्षपाती असतो

वर्णपटमापकाचीं मुख्य अंगें तीन. एका अरुंद फटींतून प्रकाश आंत येतो. अत्यंत बारीक समांतर रेघा असलेलें जालक त्याचे रंग वेगवेगळ्या दिशांस पसरवितें. आणि त्या पसरलेल्या रंगांवर शोधकांची एक रांग बसविलेली असते. पडलेल्या प्रकाशाच्या मानानें प्रत्येक शोधक एक संख्या देतो. या संख्यांची माळ म्हणजेच आपणांस मिळणारा वर्णपट.

आतां सामान्य मनुष्याची समजूत अशी असते कीं, ज्या रंगाची संख्या मोठी त्या रंगाचा प्रकाश अधिक. ही समजूत चुकीची आहे. शोधक बहुधा सिलिकॉनचा असतो. सिलिकॉन जवळच्या अवरक्त प्रकाशास उत्तम ओळखतो, निळ्या व जंबुपार प्रकाशास कमी ओळखतो, आणि ११०० नॅनोमीटरच्या पलीकडे जवळ जवळ आंधळा होतो. जालकही सर्व रंगांस सारखेंच परतवीत नाहीं. तें ज्या रंगासाठीं घडविलेलें असतें त्या रंगाचा प्रकाश अधिक पाठवितें, इतरांचा कमी. भिंगें, आरसे व कांचेचे तंतु आपापला वाटा वाटेंतच कापून घेतात. या सर्वांचा गुणाकार होऊन यंत्राचा जो एकंदर कल बनतो, त्यास वर्णपटीय प्रतिसाद असें म्हणतात.

हें समजण्यास जुन्या पायलीचा दृष्टांत घ्यावा. समजा, एका व्यापाऱ्याजवळ ज्वारी मोजण्याची एक पायली आहे, बाजरीची दुसरी आहे आणि तुरीची तिसरी आहे. तिन्ही लहानमोठ्या आहेत, पण प्रत्येकीवर “एक पायली” एवढेंच लिहिलें आहे. त्याच्या वहींत ज्वारी १०, बाजरी १० व तूर १० असें दिसलें, म्हणून तिन्ही धान्यें सारखीं भरलीं असें कोणी म्हणेल काय? वर्णपटमापक हा असाच शेंकडों पायल्यांचा व्यापारी आहे. तो लबाड नाहीं; त्याच्या पायल्याच तशा घडलेल्या आहेत. त्याच्या प्रत्येक पायलींत खरोखर किती मावतें हें एकदां ठरवून घेतलें, कीं त्याची वही वाचतां येते. हें ठरवून घेणें म्हणजेच प्रतिसादाचें अंशशोधन होय.

ताडून पाहण्याची रीत

या कामाचें सूत्र आपल्या मृद-प्रयोगशाळांतील चांगल्या कामगारांस आधींच ठाऊक आहे. ते मातीचा अर्क ज्योतींत सोडण्यापूर्वीं पालाशाचें प्रमाण माहीत असलेलीं पाणद्रावणें सोडतात व यंत्राचा आंकडा त्यांवर जुळवून घेतात. ओळखीचें आधीं, अनोळखी मागून, एवढेंच तें सूत्र. प्रकाशाच्या बाबतींत ओळखीचें असें दोन प्रकारचें लागतें.

पहिली ओळख जागेची. कोणता शोधक कोणत्या तरंगलांबीवर बसला आहे हें आधीं ठरलें पाहिजे. त्यासाठीं पाऱ्याचा दिवा वापरतात. पाऱ्याची वाफ तेजाळली असतां ठराविक तरंगलांब्यांचाच प्रकाश देते: ४०४.७, ४३५.८, ५४६.१ नॅनोमीटर इत्यादि. या रेषा निसर्गानेंच आंखून दिलेल्या मैलाच्या दगडांसारख्या आहेत. त्या दिल्लींत, दापोलींत किंवा बेल्ट्सव्हिलला निराळ्या नसतात. आपल्या घरच्या जुन्या धर्तीच्या ट्यूबलाइटमध्यें पारा असतो, त्यामुळें ४३५.८ व ५४६.१ च्या रेषा तिच्या उजेडांतही सांपडतात. उघड्या शेतांत सूर्यप्रकाश पाहिला तर हवेंतील प्राणवायूमुळें ७६० नॅनोमीटरच्या आसपास एक गडद पट्टा दिसतो. तो पट्टा यंत्रांत भलत्याच ठिकाणीं दिसूं लागला तर यंत्राची जागा ढळली असें निःशंक समजावें. या पहिल्या परीक्षेस जवळ जवळ कांहींच खर्च येत नाहीं.

दुसरी ओळख तेजाची, व खरी मेहनत तेथें आहे. कोणत्या रंगाचा प्रकाश किती, हें आधींच ठाऊक असलेला दिवा येथें लागतो. मॅक्स प्लांक या जर्मन शास्त्रज्ञानें १९०० सालीं तापलेल्या काळ्या पदार्थाच्या प्रकाशाचा नियम सांगितला. त्या नियमानें, तापमान नक्की कळलें कीं प्रत्येक तरंगलांबीचें तेज गणितानें निघतें. मोठ्या राष्ट्रीय प्रयोगशाळा अशा काळ्या भट्टीशीं ताडून टंगस्टन-हॅलोजनचे दिवे प्रमाणित करितात आणि प्रत्येक दिव्याबरोबर तेजाचा तक्ता देतात. नेहमींचा मोठा प्रमाणदिवा १००० वॅटचा असतो, व त्याचा तक्ता ५० सेंटिमीटर अंतरासाठीं असतो. यंत्रानें हा दिवा पाहावयाचा. झांकण लावून अंधाराचा आंकडा घ्यावयाचा व तो वजा करावयाचा. मग उरलेल्या प्रत्येक संख्येस तक्त्यांतील खऱ्या तेजानें भागावयाचें. जो भागाकार येतो तीच त्या त्या पायलीची खरी मापणी. पुढें कोणताही अनोळखी प्रकाश आला कीं त्याच्या संख्यांना या मापणीनें भागिलें असतां खरा वर्णपट मिळतो.

रीत सोपी दिसते, पण तींत आळस खपत नाहीं. अंतर ५० ऐवजीं ५१ सेंटिमीटर झालें तर तेज सुमारें ४ टक्क्यांनीं घटतें, कारण प्रकाश अंतराच्या वर्गाच्या मानानें विरळ होतो. दिव्याचा विद्युत्प्रवाह किंचित् हलला तर सर्व तक्ता बिघडतो, व त्यांतही निळी बाजू अधिक बिघडते. हॅलोजनचा दिवा मुळांतच निळ्यांत दरिद्री असतो: ३००० केल्विन तापमानाच्या आदर्श काळ्या पदार्थाचें ८०० नॅनोमीटरवरील तेज ४०० वरील तेजाच्या सुमारें १२ पट असतें. त्यामुळें यंत्रांत आंतल्या आंत भटकणारा थोडासा तांबडा उजेडही निळ्याच्या खात्यांत पडला, तर निळ्याचा हिशेब पार चुकतो. शिवाय जालकाचा एक स्वभाव असा कीं, ४०० चा प्रकाश ८०० च्या जागींही डोकावतो. त्यास अडविणारी गाळणी यंत्रांत आहे किंवा नाहीं तें पाहावें लागतें. दिवाही जळतां जळतां म्हातारा होतो. म्हणून कामाच्या दिव्यांस साधारणपणें ५० तास जळल्यावर पुन्हां प्रमाणित करून आणतात. वजनांच्या बाबतींत सरकारी मूळ वजन, त्याशीं ताडलेलें दुय्यम वजन, त्याशीं ताडलेलें कामाचें वजन, आणि शेवटीं दुकानांतील वजन अशी जी सांखळी आहे, तीच ही सांखळी होय. एक दुवा निखळला कीं पुढचें सर्व ऐकीव.

माप चुकलें तर काय होतें

आतां हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाहीं हें दाखवूं. हिरवें पान तांबडा प्रकाश खातें व जवळचा अवरक्त प्रकाश परत फेंकतें. म्हणून पिकाचा जोम पाहण्यासाठीं एनडीव्हीआय नांवाचा निर्देशांक काढतात: अवरक्तांतून तांबडा वजा करावयाचा, व बाकीस दोहोंच्या बेरजेनें भागावयाचें. उदाहरणादाखल, पावसानें ताण दिलेल्या एका पिकानें तांबडा १२ टक्के व अवरक्त ३० टक्के परत पाठविला असें धरूं. वजाबाकी १८, बेरीज ४२, निर्देशांक ०.४३. आतां प्रतिसादाच्या चुकीमुळें यंत्रानें तांबडा १० व अवरक्त ३३ दाखविला. वजाबाकी २३, बेरीज ४३, निर्देशांक ०.५३. शेतांत एक थेंब पाणी पडलेलें नाहीं, एक नवें पान फुटलेलें नाहीं, तरी कागदावर पीक सुधारलें! ज्या शेतकऱ्याची भरपाई अशा कागदावर ठरावयाची, त्यानें दाद कोणाकडे मागावी? चूक उलट बाजूस झाली तर निरोगी पीक रोगट दिसेल आणि विमा देणारा बुडेल. मापाची चूक कोणाचीच मैत्रीण नसते.

यंत्र बदललें तरीही हेंच होतें. १९९९ सालचा लँडसॅट-७ जवळचा अवरक्त प्रकाश ७७० ते ९०० नॅनोमीटरच्या रुंद पट्ट्यांत पाही. २०१३ सालचा लँडसॅट-८ तो सुमारें ८५० ते ८८० च्या अरुंद पट्ट्यांत पाहतो. दोन्ही उत्तम यंत्रें. पण एकाच शेताचा, एकाच दिवसाचा निर्देशांक दोहोंत तंतोतंत सारखा येत नाहीं, आणि एकाचे आंकडे दुसऱ्याच्या आंकड्यांशीं जोडतांना शास्त्रज्ञांस रूपांतराचीं समीकरणें वापरावीं लागतात. यंदाच्या पिकाची तुलना मागील दहा वर्षांशीं करावयाची असेल तर मधल्या काळांत डोळा बदलला काय, हा प्रश्न पहिला विचारला पाहिजे.

उपग्रहवाल्यांनीं मात्र या बाबतींत जी दक्षता ठेविली आहे ती अनुकरणीय आहे. लँडसॅट-८ आपल्या अंगावरील पांढऱ्या पटलावर सूर्याचा उजेड घेऊन स्वतःस ताडतो, आणि दर महिन्यास चंद्राकडे वळून पाहतो, कारण चंद्राचा पृष्ठभाग पिढ्यान्‌पिढ्या बदलत नाहीं. अमेरिकेंत नेव्हाडा संस्थानांतील रेलरोड व्हॅली या कोरड्या तलावांत शास्त्रज्ञ जमिनीवरून प्रकाश मोजतात व वरून जाणाऱ्या उपग्रहाच्या आंकड्याशीं त्याचा मेळ घालतात. भारतीय शास्त्रज्ञांनीं त्याच कामासाठीं कच्छच्या रणाचा उपयोग केला आहे. शेंकडों कोसांवरचें यंत्र जर दर महिन्यास ताडून पाहतां येतें, तर तालुक्याच्या गांवीं टेबलावर असलेलें यंत्र वर्षानुवर्षें न ताडण्यास सबब ती कोणती?

आक्षेप आणि उत्तरें

पहिला आक्षेप जाणत्यांकडून येतो, व त्यांत तथ्य आहे. ते म्हणतात, शेतांत आम्ही आधीं पांढऱ्या फलकाचा उजेड मोजतों, मग पिकाचा मोजतों, आणि एकास दुसऱ्यानें भागतों. यंत्राचा पक्षपात दोहोंत सारखाच असल्यामुळें भागाकारांत तो उडून जातो. मग प्रमाणदिवा हवा कशाला? हें खरें आहे. केवळ परावर्तनाचें प्रमाण हवें असेल तर तेजाच्या दिव्यावांचून काम भागतें. पण त्यासाठीं तरंगलांबीची जागा बरोबर पाहिजे, शोधकाची संख्या प्रकाशाच्या सरळ प्रमाणांत वाढली पाहिजे, दोन मापांच्या मध्यें ऊन बदलतां कामा नये, आणि मुख्य म्हणजे फलक खरोखर पांढरा पाहिजे. नवा फलक दृश्य प्रकाशाचा सुमारें ९९ टक्के भाग परत पाठवितो. धुळीनें, हाताच्या मळानें व उन्हानें तो पिंवळा पडला कीं निळ्यांत कमी पाठवूं लागतो. मग यंत्राचा पक्षपात गेला आणि फलकाचा आला. म्हणजे शिक्क्याची गरज नाहींशी झाली नाहीं. ती दिव्यावरून फलकावर सरकली एवढेंच.

दुसरा आक्षेप विकणाऱ्यांचा: यंत्र कारखान्यांतूनच अंशशोधन होऊन येतें. येतें खरें, काटाही कारखान्यांतून बरोबरच येतो, म्हणून पुढची पडताळणी आपण सोडून देतों काय? यंत्रांतील दिवा मंदावतो, कांचेचा तंतु वांकतो, भिंगावर धूळ बसते. उष्णतेची गोष्ट तर आपल्याकडे विशेषच ध्यानांत घ्यावयास हवी. सिलिकॉनच्या शोधकाचा १००० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रतिसाद तापमानाबरोबर वाढतो, आणि अंधारांतही येणारा त्याचा आंकडा दर ६ ते ८ अंशांस सुमारें दुप्पट होतो. २५ अंशांच्या थंड खोलींत ताडलेलें यंत्र नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यांत शेतावर नेलें तर तें तेंच यंत्र राहत नाहीं.

तिसरा आक्षेप असा कीं, धान्याच्या यंत्रास प्रथिनांचा आंकडा शेवटीं रासायनिक पृथक्करणाशीं जुळवावाच लागतो, मग प्रकाशाचा एवढा बाऊ कशास? जुळवावा लागतो हें बरोबर. १८८३ सालीं योहान केल्डाल यानें कोपेनहेगन येथें बसविलेली नत्र मोजण्याची पद्धत आजही प्रथिनांचा आधार आहे, आणि परदेशचीं बीजकें आपल्या वाणास जशींच्या तशीं लावूं नयेत असें आमचेंही मत आहे. पण ही जुळवणी एका यंत्रावर करून दहा यंत्रांवर वांटतात. त्या दहांचे प्रतिसाद भिन्न असले तर एकाच पोत्यांतील गहू दहा बाजारांत दहा प्रथिनांचा ठरेल. रसायन यंत्रास अर्थ शिकवितें. अंशशोधन सर्व यंत्रांस एक भाषा शिकवितें. दोन्ही पाहिजेत.

शेवटचा आक्षेप खर्चाचा. प्रत्येक प्रयोगशाळेनें भारी प्रमाणदिवा घ्यावा असें आम्ही म्हणत नाहीं. प्रत्येक दुकानदार तरी मूळ किलो घरीं कोठें ठेवतो? सांखळींतील वरचा दुवा एका ठिकाणीं असला कीं पुरे.

मंडळानें काय करावें

याकरितां आपल्या मंडळानें पुढील गोष्टींचा आग्रह धरावा अशी आमची सूचना आहे.

(१) मातीच्या, धान्याच्या किंवा पिकाच्या प्रकाशमापनाच्या प्रत्येक अहवालावर यंत्र शेवटीं कोणत्या तारखेस व कोणत्या प्रमाणाशीं ताडलें, आणि आंकड्यांत किती चूकभूल संभवते, हें मराठींत छापावें. एका ओळीचें हें काम आहे.

(२) राहुरी, अकोला, परभणी व दापोली या चार कृषि विद्यापीठांनीं प्रत्येकीं एक प्रमाणदिवा व एक प्रमाण-फलक बाळगावा. त्यांची सांखळी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेशीं किंवा तिच्या तोडीच्या संस्थेशीं जोडलेली असावी. त्या राष्ट्रीय प्रयोगशाळेची पायाभरणी १९४७ सालीं झाली, ती देशाचीं मूळ मापें जतन करण्यासाठींच. आसपासच्या प्रयोगशाळांचीं यंत्रें या चार ठिकाणीं वर्षांतून एकदां ताडून घ्यावीं.

(३) मंडळानें स्वतः एकाच मातीचे व एकाच धान्याचे नमुने नीट मिसळून, सारखे वांटे करून, निरनिराळ्या ठिकाणीं नांव न सांगतां पाठवावे, व उत्तरें या मासिकांत शेजारीं शेजारीं छापावीं. कोणासही दोष न देतां एवढ्या एका उपायानें पुष्कळ सुधारणा होईल.

(४) विम्याच्या कामीं उपग्रहाचा आंकडा वापरला असेल तर कोणत्या उपग्रहाचा, कोणत्या पट्ट्यांचा, आणि मागील वर्षांशीं तुलना करतांना कोणतें रूपांतर केलें, हें शेतकऱ्यास मागितल्यास मिळावें. धान्यांतील प्रथिनें मोजणाऱ्या यंत्रांविषयीं आंतरराष्ट्रीय वैध मापन संघटनेनें शिफारस क्रमांक १४६ प्रसिद्ध केलेलीच आहे. प्रकाशाचें माप कायद्याच्या कक्षेंत येऊं शकत नाहीं असें म्हणण्यास त्यामुळें जागा राहत नाहीं.

कांहीं मंडळी म्हणतील कीं, शेतकऱ्यास तरंगलांबी आणि प्रतिसाद यांतलें काय कळणार? आमच्या मतें त्यास तें सर्व कळण्याची गरजही नाहीं. काट्याच्या तरफेचें गणित तरी कितीजणांस येतें? पण शिक्का कोठें पाहावयाचा हें प्रत्येकास कळतें, आणि शिक्का नसेल तर माल काट्यावर चढवावयाचा नाहीं एवढी हिंमत त्यास आहे. नव्या यंत्रांस आमचा विरोध नाहीं. एका दिवसांत शेंकडों नमुने पाहणारें, रसायनें न सांडणारें व दाणा न बिघडविणारें साधन शेतकऱ्याच्या हिताचेंच आहे, व तें जितकें लवकर गांवोगांव पोंचेल तितकें बरें. परंतु तें पोंचण्याबरोबर त्याची पडताळणीही पोंचली पाहिजे. आपल्या हातीं तपासणीचा कागद आला कीं आंकडा वाचण्यापूर्वीं प्रत्येक शेतकऱ्यानें एवढेंच विचारावें: हें यंत्र कोणत्या उजेडाशीं ताडलें, आणि केव्हां? हा प्रश्न शंभर जणांनीं विचारला, तर त्याचें उत्तर कागदावर छापण्यावांचून गत्यंतर राहणार नाहीं.